उभ्या मशीनसाठी एक महिना हात न उचलणे

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून राग बंद.

वही वैष्णवीची आहे. वैष्णवी म्हणजे माझी लहान बहीण, बी.एस्सी. अ‍ॅग्री, दुसरं वर्ष, परीक्षा झाली म्हणून महिनाभर घरी आहे आणि स्वतःला फार हुशार समजते. तिची लिहिलेली चार पानं फाडली. फाडताना ती आडवी आली, ओढाओढीत तिचं नख माझ्या गालात गेलं. रक्त आलं. मी काही केलं नाही. सुरुवात चांगली झाली.

शर्त लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. काल जेवताना बाबा म्हणाले, पाच फेब्रुवारीपर्यंत कोणावर हात उचलला नाही तर तुले पाहिजे ते मशीन घेऊन देतो. एकदा बी उचलला तर मशीन विसर, अन् माह्या वावरात पाय ठेवू नको, जाय कुठे तरी नोकरी पाहाले. आई म्हणाली, जेवू तर द्या त्याले. बाबा म्हणाले, जेवूनच राह्यला ना तो, पाचवी पोळी आहे त्याची.

शर्तीचं कारण: एक तारखेला आर्णीच्या स्टँडवर एका माणसाचा दात पडला. दात आधीच हलत असणार. ठाण्यात मी आत होतो, बाबा बाहेर बाकावर तीन तास. बाबांना भगवानराव म्हणून सारी आर्णी ओळखते, येणारा-जाणारा विचारत होता, इथं काहून बसले भाऊ. ते बाबांना लागलं. माझी बाजू कोणी विचारली नाही.

मशीन: छोटं लोडर. समोर बकेट, टायरच्या जागी रबरी पट्टे, मागे एक पायरी. सीट नाही. पायरीवर उभं राहून चालवायचं. मोठं मशीन जिथे शिरत नाही तिथे हे शिरते. गोठ्यातलं खत काढा, गल्लीत नाली खणा, संत्र्याच्या दोन ओळींतून जा. काळ्या मातीत टायर फसते, पट्टा फसत नाही. आर्णी तालुक्यात असं एकही नाही. पहिलं माझं असेल.

मी मेकॅनिकल दुसऱ्या वर्षात सोडलं. त्यामुळे अर्धं मेकॅनिकल मला पूर्ण येतं.

आणि मिताली. ते उद्या लिहीन. आत्ता लिहिलं तर कोणाला तरी मारावंसं वाटेल. आनंदानं.

६ जानेवारी, मंगळवार

मिताली यवतमाळच्या शोरूममध्ये मशीन विकते. डिसेंबरच्या कृषी प्रदर्शनात भेटली. निळा युनिफॉर्म, कानात छोटे मोती. म्हणाली, सर, एकदा उभे राहून तर बघा. तिथे चाळीस माणसं होती. बाकीच्यांनाही तेच म्हणाली, पण ते तिचं काम आहे. मला म्हणताना मोती हलले होते.

मशीनचा तुलनात्मक अभ्यास सुरू. तीन आहेत.

पिवळं: रुंदी ३६ इंच, उचल ४५० किलो, सर्व्हिस यवतमाळ, बोलायला मिताली. गुण १०० पैकी १४०.

लाल: वापरलेलं. राजूरला कोळशाच्या एका साइटवर चालू आहे. रुंदी ४४, उचल ६८०. मर्दानी. गुण ९०.

निळं: फक्त मोबाइलवर पाहिलं. उचल एक टन. सर्व्हिस म्हणून एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, त्यावर गुलाबाचं फूल. गुण ७५. फूल नसतं तर ८०.

गोठ्याचं फाटक मोजलं. पाच विती, चार बोटं. वीत नऊ इंचांची, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. तिन्ही आरामात जातात.

दुपारी विहिरीवरची मोटार चालू होईना. तीन लाथा घातल्या. अंगठ्याचं नख गेलं. मोटार माणूस नाही आणि पाय हात नाही. दोन्हीकडून सेफ.

८ जानेवारी, गुरुवार. ११.२०

११.०६ ला मितालीचा फोन. तिनं स्वतः केला. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

विचारलं, घरी कोण कोण असतं. शेती किती. निर्णय कोण घेतं, तुम्ही की वडील. मी म्हटलं मी. शेवटी म्हणाली, घरी बोला आणि पसंती कळवा, मी वाट बघते.

हे शब्द तिनं वापरले. पसंती. कळवा. वाट. लोडर विकणारा माणूस असं बोलतो का? लग्न जमवणारा बोलतो. वैष्णवीला सांगितलं. ती म्हणाली, दादा, तिच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये तू आहेस, मनात नाही. मी तिच्या हातातला स्टीलचा ग्लास भिंतीवर मारला. ग्लास चेपला. वैष्णवी जागची हलली नाही. चेपलेल्याच ग्लासात पाणी प्याली, माझ्याकडे पाहत.

ठराव: ग्लासही नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

ठराव पाळता आला नाही, पण ग्लास नव्हता, खुर्ची होती.

भीमसिंग राठोड. महागावचा कॉन्ट्रॅक्टर. दोन मोठे एक्स्कॅव्हेटर आहेत, आवाज त्यांच्याहून मोठा. चहाच्या टपरीवर दहा लोकांत मला म्हणतो, कपिलशेठ, उभं मशीन घेऊन राह्यले म्हणे. मी म्हटलं, हाव. तो म्हणतो, लग्नात उभ्यानं जेवण आलं, आता उभ्यानं खोदकाम. प्लेट हातात घेऊनच नाली खणा, सॅलड इकडं, माती तिकडं. सगळे हसले. मी पण हसलो, शर्तीमुळे.

मग त्यानं मोबाइल काढला. म्हणे मले बी रोज मेसेज येते त्या पोरीचा. दाखवला. नमस्कार सर, पसंती कळवा.

प्लास्टिकची खुर्ची मी उचलली. हात नाही, खुर्ची. ती त्याच्या खांद्यावर फुटली. त्यानं एकच झापड मारली, उजव्या कानात अजून शिट्टी वाजते. चहावाल्यानं दोघांच्या अंगावर गरम पाणी फेकलं.

भीमसिंगनं तिच्या मेसेजचा गैरअर्थ काढला आहे. कंपनीचा मेसेज वेगळा आणि मला आलेला वेगळा. शब्द तेच आहेत, पण भावना.

घरी सांगितलं, पाय घसरला.

११ जानेवारी, रविवार

राजूरला गेलो लाल मशीन बघायला. कोळसा वाहणारा पट्टा वर चालतो, त्याखाली सांडलेला कोळसा हे मशीन गोळा करते. मान खाली घालावी लागेल एवढ्या जागेत ते शिरते, भरते, मागे येते. पाहून अंगावर काटा आला. याच्यापुढे भीमसिंगचे हत्ती काय.

ऑपरेटर रामधन. पन्नाशीचा, चेहरा काळा, फक्त डोळे दिसतात. म्हणाला, मागं उभे नका राहू भाऊ. मी म्हटलं, मले चालवू दे. तो म्हणाला, हे खेळणं नाही. मी म्हटलं, मेकॅनिकल केलं आहे मी. तो म्हणाला, किती? मी बकेटकडे पाहू लागलो. तो म्हणाला, पूर्ण करून या.

डोकं मारलं. त्याच्या कपाळावर हेल्मेट होतं हे कोळशामुळे दिसलं नाही. माझ्या भुवईला तीन टाके. रामधननंच रुमाल बांधला, दवाखान्यात पण त्यानंच नेलं. म्हणाला, रागाले कुलूप लावा.

डोकं म्हणजे हात नव्हे.

लाल मशीन: स्वभाव खराब. गुण ९० वरून ३५.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळी ८.०२. मितालीचा मेसेज. तिळगुळाचं चित्र, खाली कंपनीचा लोगो, खाली लिहिलं: तिळगूळ घ्या गोड बोला, आजच डेमो बुक करा.

सणाच्या दिवशी, आंघोळ-पूजा सोडून, आठ वाजून दोन मिनिटांनी तिला माझी आठवण झाली. मी चौदा मेसेज पाठवले. सगळे गोड. तिचं उत्तर: धन्यवाद सर, पिनकोड सांगा.

पिनकोड पाठवला. पत्ता मागणं ही पहिली पायरी असते.

दुपारी गल्लीत भीमसिंगची जीप उभी, पाहुण्यांकडे आला होता. आईनं त्यालाही तिळगूळ दिला. तो मला म्हणाला, गोड बोल लेका. मी बोललोच नाही. त्याच्या मनगटाला चावलो. त्यानं माझे केस धरून डोकं जीपच्या बॉनेटवर दोनदा आपटलं. भुवईचा एक टाका उसवला. आईनं मधे पडून म्हटलं, सणासुदीचं काय लावलं रे, हा लाडू पूर्ण कर आधी. भीमसिंगनं मनगट पुसत लाडू पूर्ण केला. म्हणाला, काकू, लाडू मस्त झाला, पोट्ट्याले इंजेक्शन देऊन घ्या.

बाबा वावरात होते. वाचलो.

१७ जानेवारी, शनिवार

वैष्णवीनं विचारल्याशिवाय माझा अभ्यास तपासला. हे तिचं म्हणणं, फक्त नोंद म्हणून:

एक. फाटक टेपनं एकेचाळीस इंच. माझी वीत साडेसात इंचांची निघाली. लाल मशीन गोठ्यात जाणार नाही. दोन. निळ्याची एक टन उचल म्हणजे एवढ्या वजनाला मशीन पुढे पलटी खाते, तो आकडा. पट्ट्याच्या मशीननं त्याच्या पस्तीस टक्केच उचलावं. म्हणजे साडेतीनशे किलो. तीन. पिवळ्यानं पस्तीस टक्के धरूनच साडेचारशे लिहिलं आहे. तेव्हा निळं पिवळ्याहून कमी.

तिनं पिवळ्याचं पुस्तक कंपनीच्या साइटवरून काढून वाचलं. चौऱ्याण्णव पानं. मी म्हटलं, पुस्तक वाचून कोणी पोहते का? ती म्हणाली, वीत मोजून कोणी मशीन घेते का?

मी तिच्यावर धावून गेलो. ती खाटेवर बसून होती, म्हणाली, एकोणीस दिवस राह्यले दादा. दारालाच डोकं लावून उभा राहिलो. दाराची कडी वाकली.

नाहीतरी पिवळंच घ्यायचं होतं. निष्कर्ष माझाच आहे, तिनं फक्त आकडे टाकले.

१९ जानेवारी, सोमवार. १२.४५

आला. तिचा मेसेज, शब्दशः उतरवतो:

शनिवारी २४ ला सकाळी ११ ला आमच्याकडे बघायला या. घरातली मोठी माणसं सोबत आणा म्हणजे बोलणं पुढे जाईल. पसंत पडलं तर नारळ तिथेच फोडू.

पाच वेळा वाचला. बघायला. मोठी माणसं. बोलणं. नारळ.

यात मशीन हा शब्द कुठे आहे? नाही.

आईला (विमलताई, रडायला नेहमी तयार) वाचून दाखवला. ती रडली. म्हणाली, माह्या पोराचं चांगलं होऊन राह्यलं. मी म्हटलं, शोरूममध्ये बोलावलं आहे. ती म्हणाली, आजकाल हॉटेलात पाहतात, देवळात पाहतात, शोरूमले काय झालं. गोविंदामामाला लगेच फोन केला. मामा म्हणे टोपी धुवाले टाकतो.

बाबांना आईनं फक्त म्हटलं, शनिवारी यवतमाळले जायचं आहे. बाबा म्हणाले, मशीन पाहाले ना, चला. आई म्हणाली, हाव, ते बी.

वैष्णवीनं मेसेज वाचला आणि पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखी ओढणी लावली. हसू लपवायला. सहन केलं. भाऊ होणाऱ्याला सहन करावं लागतं. नवरदेव होणाऱ्याला, असं लिहायचं होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

शर्त सुटायला तेरा दिवस. अजून एकाही माणसावर हात उचलला नाही. पाय एकदा, खुर्ची एकदा, डोकं एकदा, दात एकदा. हात शून्य. एवढा संयम आमच्या घराण्यात कोणाला नसेल.

आईनं साडी आणली, मोरपंखी. केस कापताना न्हाव्यानं उजवा कान चिमटला तर मी फक्त आरसा फोडला.

२४ जानेवारी, शनिवार. सकाळी ८

निघतो. आज कोणावर रागावणार नाही. लिहून देतो.

२४ जानेवारी. संध्याकाळी ६

आज लिहीत नाही.

२५ जानेवारी, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो, लोक काहीही सांगतील.

शोरूमच्या मागच्या मैदानात मांडव होता. खुर्च्या, चहा, आलूबोंडे. पिवळं मशीन हार घालून उभं. मिताली आली, नमस्कार केला. आईनं तिला जवळ बसवलं. मामा टोपी घालून पुढ्यात. बाबा आणि वैष्णवी मशीनचे पट्टे बघायला गेले.

आई म्हणाली, किती शिकली बाई? मिताली म्हणाली, डिप्लोमा. मामा म्हणाले, मूळ कुठचं? मिताली म्हणाली, मूळ इटलीचं, जोडणी पुण्याला होते. मामा आईच्या कानात म्हणाले, आईचं माहेर परदेशात दिसते. आईनं विचारलं, कामाले कशी? मिताली म्हणाली, आठ तास थांबत नाही काकू, फक्त डिझेल चांगलं द्यायचं. मामा म्हणाले, डिझेल?

आईनं तोवर साडी आणि नारळ तिच्या हातात दिला होता. मिताली म्हणाली, अरे वा, पूजा तुम्हीच करणार का. आणि साडी नेऊन मशीनच्या बकेटवर घातली. कुंकू लावलं. बकेटला.

तिनं साडी घेतली, हे महत्त्वाचं. बकेटवर टाकली ती लाजून. आई मात्र माझ्याकडे पाहत राहिली आणि मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग पाहिलं तर भीमसिंग. त्यालाही बोलावलं होतं. म्हणजे वीस-पंचवीस जणांना बोलावलं होतं. तो मशीनच्या पायरीवर उभा आणि मिताली त्याच्या बाजूला. त्याच्या हातावर हात ठेवून दांडे कसे धरायचे ते दाखवून राह्यली. हातावर हात. सगळ्यांसमोर. माझ्या आईसमोर.

पुढचं वेगानं झालं. मी पायरीवर चढलो. भीमसिंगला ढकललं. (खांद्यानं.) तो खाली पडला. दांडे मी धरले आणि पुढे लोटले. मशीन वळलं. त्याचा डावा पाय पट्ट्याखाली गेला. आवाज आला. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या मोडतात तसा. भीमसिंगनं आईला हाक मारली, त्याच्या बोलीत, याडी म्हणून. एवढा मोठा माणूस.

मिताली ओरडून राह्यली, सोडा, सर, सोडा त्याला. मला वाटलं भीमसिंगला सोडा म्हणते. त्याच्यासाठी रडते. मी आणखी घट्ट धरलं. आता कळलं की दांडा म्हणत होती. हात सोडला की मशीन जागेवर थांबते, अशीच त्याची रचना आहे. हे तिनं दहा मिनिटं आधी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी मोती बघत होतो.

मांडवाचे दोन खांब गेले. चहाची किटली आणि आलूबोंडे पट्ट्याखाली. मोरपंखी साडी बकेटमध्ये अडकून फाटत होती. कंपाउंडची भिंत आली. विटा पडू लागल्या तरी मी धरून.

बाबा धावत बाजूनं आले. माझं मनगट धरलं, म्हणाले, कपिल, सोड बापा.

तेव्हा

ते नंतर लिहीन.

वैष्णवीनं मागून येऊन लाल बटण दाबलं. मशीन बंद पडलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नाही.

२६ जानेवारी, सोमवार

कोपर होतं. मनगट त्यांनी धरलं होतं, ते सोडवताना कोपर मागे गेलं. मुठीसकट. बाबांचं तोंड तिथे होतं. ते विटांवर पडले. वरचा ओठ फाटला, चार टाके. माझ्यापेक्षा एक जास्त.

वैष्णवीला विचारलं, कोपर हातात धरतात का. ती उठून बाहेर गेली.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं होतं, कशानं लागलं. मी दारात उभा होतो. बाबा म्हणाले, मशीनले आपटलो. मामासमोर म्हणाले. आईसमोर म्हणाले. मितालीच्या साहेबासमोर पण तेच.

बाबा म्हणतात आपटले, तर आपटले असतील. ते काही खोटं बोलणारे नाहीत. म्हणजे शर्त अजून शाबूत.

२७ जानेवारी, मंगळवार

शर्त शाबूत आहे. दोनदा लिहून पाहिलं.

बाबा बोलत नाहीत. टाक्यांमुळे. आई भात मऊ करून देते, ते डाव्या बाजूनं खातात. मी समोर बसलो तर आई म्हणाली, तू मागून जेव.

मोबाइलवर मेसेज आला: आपला डेमो अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या. मी पाच दिले. मितालीला फोन केला. अठ्ठावीस वेळा. शेवटी एक माणूस बोलला, सुनील नाव, सर्व्हिस विभाग. म्हणाला, मॅडमनं सांगितलं आहे की भिंत आणि मांडवाचं वडलांनी मिटवलं, तुम्ही आता फोन करू नका. मी म्हटलं, त्यांना स्वतः सांगू दे. तो म्हणाला, त्या बाजूलाच बसल्या आहेत, मान हलवून राह्यल्या.

कोणत्या दिशेनं हलवली ते विचारायच्या आत फोन ठेवला. मोबाइल ओट्यावर आपटला. काच माझ्याच तळव्यात गेली.

३० जानेवारी, शुक्रवार

भीमसिंग आला. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, दोन्ही काखेत कुबड्या. जीपमधून त्याला बाबांनीच उतरवलं. कळलं की बाबा रोज दवाखान्यात जात होते, डबा घेऊन. त्यानं पोलिसांत दिलं नाही. बाबांनी त्याच्या प्लास्टरला हात लावून माफी मागितली म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तो अंगणात म्हणाला, भगवानराव, तुमच्याकडे पाहून मी रिपोर्ट नाही दिला, पण माहं मन भरलं नाही. बाबा म्हणाले, मग भरून घ्या. आणि त्याची एक कुबडी धरून उभे राहिले, तो पडू नये म्हणून.

दुसऱ्या कुबडीनं त्यानं मला मारलं. पहिला टोंगळ्यावर. गुडघा दुमडून खाली बसलो. मग पाठीवर, मग बरगडीवर, तिथे काही तरी आतून कटकन झालं. मग तोंडावर उलट्या हातानं. तोंडात लोखंडासारखी चव आली. तो एका पायावर डुगडुगत होता, मी ढकललं असतं तर पडला असता. बाबा पाहत होते. ओठावर काळा दोरा, डोळे कोरडे. एकदाही थांबा म्हणाले नाहीत. मारता मारता भीमसिंगच दमला.

बाबा म्हणाले, झालं का समाधान? बसा, चहा घ्या. आईनं चहा आणला. भीमसिंग बशीत ओतून प्याला. म्हणाला, काकू, साखर कमी आहे. आईनं साखर आणून दिली.

मी जमिनीवरच होतो. माझा कप वैष्णवीनं माझ्याजवळ, मातीत ठेवला.

माझ्याकडून हात उचलला गेला नाही. हे नोंद करतो. पण नोंद करताना पहिल्यासारखं वाटत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

बरगडी चिरली आहे. हसता, खोकता, ओरडता येत नाही. रागावलो की दुखते. आज चार वेळा दुखली.

तुलनात्मक अभ्यास पुन्हा वाचला. पिवळ्याला १४० गुण दिले होते, शंभरपैकी. वैष्णवीच्या आकड्यांनी किती होतात ते करून पाहिलं. ८१. तरी तेच पहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९

शर्त संपली. कायदेशीर बघितलं तर मी जिंकलो. साक्षीदारानं स्वतः सांगितलं आहे की मशीनला आपटलो. नवा शर्ट घातला आणि बाबांसमोर गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: शब्द पाळला, आता तुम्ही पाळा.

बाबा चहा पीत होते. काल टाके निघाले. ओठ वर ओढला गेला आहे, मधून दात दिसतो, चहा थोडा सांडतो, ते टॉवेलनं टिपतात. मला पाहून म्हणाले, आज पाच तारीख. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, कोणतं मशीन पाहिजे सांग. मी बोललो तसं करतो.

बस. एवढंच म्हणाले. वर काही नाही. टोमणा नाही.

त्यांनी पुन्हा टॉवेल लावला.

मी पाठ केलेलं आठवून राह्यलो होतो. तोंडातून निघालं, वैष्णवीले विचारा. तिनं वाचलं आहे.

बाबा म्हणाले, हं.

मग मी गोठ्यात गेलो आणि एका लाकडी खांबाला बुक्की मारणार होतो. बरगडी आडवी आली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन आलं. पिवळं. कागद वैष्णवीच्या नावानं. ट्रकवरून उतरवायला सुनील आणि शिकवायला मिताली. मी शर्ट बदलून बाहेर आलो. मितालीनं मला पाहिलं आणि ट्रकमध्ये परत चढली. बाबा तिच्याशी पाच मिनिटं बोलले. मग ती उतरली. सुनीलनं घमेल्यात चुन्याची फक्की घेतली आणि अंगणात मशीनभोवती गोल रेघ मारली. मिताली म्हणाली, काका, शिकवणं होईपर्यंत हे सर रेघेच्या आत येणार नाहीत, चालेल का? बाबांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, चालेल.

हे सर. नाव घेतलं नाही.

वैष्णवी तासाभरात शिकली. पायरीवर उभी राहिली, एक दांडा पुढे, एक मागे, मशीन जागच्या जागी फिरलं. मिताली तिला अगं वैष्णवी म्हणते. दोघी कशावर तरी हसल्या. माझ्यावर नसेल. फाटकातून दोन्ही बाजूंनी अडीच इंच सोडून आत गेली, दोन वर्षांचं खत बकेट बकेट बाहेर. कोपऱ्यात बकेट पोहोचत नाही, तिथलं हातानं काढावं लागते. बाबांनी फावडं माझ्याकडे दिलं. म्हणाले, हे लोक गेल्यावर.

मिताली अडीच वाजता गेली. जाताना सगळ्यांना नमस्कार केला, मी त्या सगळ्यांच्या मागे उभा होतो, तेव्हा मलाही झाला असं धरता येईल. नको, धरत नाही.

मग वैष्णवी जेवायला गेली, बाबा वावरात, आई आत. मशीन परत आणून रेघेत उभं केलेलं, एकटं. किल्ली लावलेलीच होती. मी फावडं घेऊन रेघेशी उभा राहिलो. पाऊणेक तास.

शिकवणं संपलं होतं. रेघेचा आता काही उपयोग नव्हता. तरी आत गेलो नाही. कोणी पाहून नव्हतं राह्यलं.